रिंगणाएवढं अंतर

गणपतीची चवथ पंधरवड्यावर आली होती आणि वाड्यावरच्या आरत्या एकदा नीट रेकॉर्ड करून ठेवायच्या म्हणून आम्ही माझ्या सोप्यावर जमलो होतो. दुपारनंतर पावसाने उघडीप दिली होती. कौलांच्या कडेवरून पाणी अजून निथळत होतं, पण तेवढा आवाज माइकला चालण्यासारखा होता. आपांच्या कानांवर मी हेडफोन चढवले. आपा सत्तरी ओलांडलेले. चवथीत वाड्यावरच्या कुठल्याही घरात आरती सुरू व्हायची असली की सगळे आधी त्यांच्याकडे बघतात, कारण पहिला सूर त्यांचा. त्यांनी डोळे मिटले, सूर लावला, पहिलं कडवं ठीक गेलं. दुसऱ्या कडव्यात मात्र त्यांची लय ओढल्यासारखी मंदावू लागली. मातीचं घुमट वाजवणारा गोंधळून त्यांच्याकडे पाहू लागला, कासाळे म्हणजे झांजा थबकल्या आणि आपा मधेच थांबले. त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले, मान वळवून मागे पाहिलं आणि म्हणाले, "अरे, माझाच आवाज माझ्या मागून येतोय. मी पुढं गेलो की तो मागं राहतो. त्याच्यासाठी थांबावं लागतंय मला."

कोणी हसलं नाही. चहा आला, विषय बदलला, उरलेल्या आरत्या आपांनी हेडफोनशिवायच म्हटल्या. पण त्यांचं ते मान वळवून मागे बघणं माझ्या मनातून जाईना.

आपांना जे ऐकू आलं ते अगदी खरं होतं. गळ्यातून निघालेला आवाज माइकमधून इंटरफेसमध्ये, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या डबीत, तिथून लॅपटॉपमध्ये, तिथे त्याला थोडा रिव्हर्ब, म्हणजे देवळातल्यासारखा घुमारा लागून परत इंटरफेसमध्ये आणि मग हेडफोनमध्ये, असा फिरून त्यांच्या कानाशी येत होता. लॅपटॉप आवाज थेंबाथेंबाने हाताळत नाही. तो आधी थोडा साठवतो आणि मग तेवढा एकदम उचलतो. विहिरीवरून पाणी भरण्यासारखंच आहे ते: कळशी लहान घेतली तर पाणी लगेच घरात येतं, पण खेपा घालून जीव मेटाकुटीला येतो, हंडा घेतला तर खेपा कमी, पण घरातल्यांना वाट बघत बसावं लागतं. हे भांडं म्हणजे बफर. माझा जुना लॅपटॉप लहान बफरवर दमायचा, आवाजात तडतड यायची, म्हणून बफर १०२४ सॅम्पलवर, म्हणजे आवाजाच्या तेवढ्या बारीक तुकड्यांवर असायचा. सेकंदाला ४८,००० सॅम्पल या हिशेबाने १०२४ म्हणजे २१ मिलिसेकंदांहून थोडं जास्त. आत येताना एकदा, बाहेर जाताना एकदा, वर इंटरफेस आणि त्याला लॅपटॉपशी जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरचे, म्हणजे ड्रायव्हरचे थोडे. सगळं मिळून ४५ च्या आसपास.

आकडा म्हणून ४५ मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही, पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. पण आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३५ सेंटिमीटर जातो. म्हणजे ४५ मिलिसेकंदांत तो पंधरा मीटरांच्या वर जाऊन पोचलेला असतो. आपा माझ्या सोप्यावर बसून गात होते आणि त्यांच्या कानांना मात्र स्वतःचा आवाज देवळाच्या महाद्वारात उभं राहून गाभाऱ्यातून ऐकू यावा तसा ऐकू येत होता. अशा मागून येणाऱ्या स्वतःच्या आवाजासाठी माणूस नकळत थांबतो, लय सोडतो. तो गळ्याचा दोष नव्हे, तालाचाही नव्हे.

त्या संध्याकाळपासून लॅपटॉपचे आकडे मला मीटरमध्ये दिसू लागले आणि नवा लॅपटॉप घ्यायचं मनात आलं.

घुमट आरतीत माणसं कशी उभी असतात ते आठवा. मखरापुढे अर्धगोल, कधी पुरतं रिंगण. एका बाजूला दोन-तीन घुमटं, मधे काठ्यांनी वाजवायचं शामेळ, कासाळे घेतलेला मुलगा बहुधा दाराशी, कारण त्याला मधूनच कोणीतरी आत बोलावत असतं. मूर्तीच्या वर टांगलेल्या माटोळीला बांधलेल्या कांगल्यांचा आणि सुपारीच्या कात्र्यांचा ओला वास, उदबत्तीचा धूर, घामेजलेले सदरे. या रिंगणात समोरासमोरच्या दोन माणसांत फार तर अडीच-तीन मीटर. म्हणजे एकाचा ठेका दुसऱ्याच्या कानी आठ-नऊ मिलिसेकंदांनी पोचतो आणि एवढ्या अंतरावर पिढ्यान् पिढ्या लोक एकमेकांना धरून वाजवत आलेत. कान त्याला सरावलेले आहेत. तेव्हा नव्या लॅपटॉपबद्दल माझी पहिली अट ठरली ती अशी: त्यातून फिरून येणारा सूर रिंगणाच्या आत राहिला पाहिजे. बफर १२८ सॅम्पलवर आला तर जाण्यायेण्याचे साडेपाच मिलिसेकंदही होत नाहीत. वरचे दोन-तीन धरले तरी आपण रिंगणातच आहोत. फक्त त्या १२८ वर, सगळे ट्रॅक आणि सगळे प्लगिन, म्हणजे रिव्हर्बसारखे आवाजावर काम करणारे छोटे प्रोग्रॅम, चालू असताना, यंत्राने तडतडता कामा नये.

जाणकार इथे मला थांबवतील आणि म्हणतील, अहो, इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असतं की! असतं. ते दाबलं की गायकाचा आवाज लॅपटॉपपर्यंत न जाता परस्पर हेडफोनमध्ये येतो, उशीर जवळजवळ शून्य. दुसऱ्या दिवशी आपांना मी तसं ऐकवलं. त्यांनी दोन ओळी म्हटल्या आणि मान हलवली. "गळा कोरडा वाटतो. देवळात असा नाही वाटत." तेही खरंच, कारण रिव्हर्ब लॅपटॉपमध्ये आणि आवाज बाहेरच्या बाहेर. मग मी दोन्ही वाटा जोडल्या. मूळ आवाज डायरेक्ट आणि लॅपटॉपमधून नुसता रिव्हर्ब, मूळ आवाज अजिबात न मिसळता. उशीर होतोच, पण रिव्हर्बला तो शोभतो, कारण भिंतीवर आपटून येणारा आवाज नाहीतरी उशिरानेच येत असतो. आपांचा चेहरा सैल झाला. ज्याच्याकडे नव्या लॅपटॉपचे पैसे नाहीत त्याने आधी हेच करावं असं मी मनापासून सांगेन. गायकाच्या बाबतीत तर नवा लॅपटॉप आल्यावरही हाच मार्ग चांगला, कारण स्वतःचा आवाज माणूस हाडांतूनही ऐकत असतो, आणि तो क्षणात पोचतो. त्यावर थोड्याच उशिराने तोच आवाज हेडफोनमधून आला की दोन्ही मिळून पोकळ वाटू लागतात. दुसऱ्याच्या ठेक्याला चालणारं अंतर स्वतःच्या गळ्याला चालत नाही.

मग अडलं कुठे? पेटीवर. आमच्या घरची पेटी आजोबांच्या वेळची. पावसाळ्यात तिच्या दोन-तीन सुरांना दमटपणाने घरघर लागते आणि भाता हवा सोडतो. माझी पुतणी मिडी कीबोर्डवर वाजवते, त्याला स्वतःचा आवाज नसतो, पेटीचा सूर लॅपटॉपमध्ये आधी रेकॉर्ड करून ठेवलेल्या सुरांतून येतो, त्यांनाही सॅम्पलच म्हणतात. इथे परस्पर जायला वाटच नाही. पट्टी दाबली, तो निरोप लॅपटॉपमध्ये गेला आणि सूर जन्माला येणार तोच मुळी आत. ती बिचारी ठेका पडण्याआधीच बोटं टाकायला शिकली होती. "काका, मी आधी वाजवते आणि सूर नंतर येतो, म्हणून थोडं लवकरच दाबते," असं ती अगदी सहज सांगायची. तेव्हा बारावीतली मुलगी, चांगला हात, आणि यंत्राला सांभाळून घेण्याची सवय तिच्या बोटांना लागत चाललेली. ते मला आपांच्या मागे बघण्यापेक्षाही जास्त लागलं. आपांची लय साठ वर्षांची आहे, ती कुठल्याही लॅपटॉपने बिघडणार नाही. हिची अजून घडतेय.

मग दुकानं पालथी घालणं सुरू झालं. पणजी, म्हापसा, मडगाव. सगळीकडे पहिला प्रश्न एकच, "गेमिंगसाठी की एडिटिंगसाठी?" संगीतासाठी म्हटलं की विक्रेता मुलगा क्षणभर थांबायचा आणि मग गेमिंगवालाच पुढे करायचा, कारण सगळ्यात ताकदीचा तो. त्याचं चुकत नव्हतं, त्याला तसंच शिकवलेलं. पण त्या यंत्राच्या किमतीतला मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाचा असतो आणि ग्राफिक्स कार्डाला आरती वाजवता येत नाही. आवाजाचं बहुतेक सगळं काम प्रोसेसर करतो आणि तेही एका विशिष्ट रीतीने. एका ट्रॅकवर पाच प्लगिन लावले तर ते एकामागून एकच चालतात, कारण पहिल्याचं काम झाल्याशिवाय दुसऱ्याच्या हाती काही पडत नाही. प्रोसेसरच्या आत काम करणारे वेगवेगळे भाग असतात, त्यांना कोअर म्हणतात, आणि ती साखळी बहुतेक वेळा एकाच कोअरच्या वाट्याला येते. म्हणून कोअर किती आहेत यापेक्षा एकेक कोअर किती वेगाने काम उरकतो हे आधी बघायचं. डब्यावर कोअरचा आकडा ठळक छापलेला असतो, दुसरी गोष्ट शोधावी लागते.

विंडोजवर आणखी एक भानगड. प्रोसेसर तगडा असूनही वायफायचा, ग्राफिक्सचा किंवा बॅटरीवर लक्ष ठेवणारा एखादा ड्रायव्हर मधेच प्रोसेसर अडवून बसतो आणि तेवढ्यात बफर रिकामा पडतो. तडतड होते ती अशी. कागदावर सारखेच असलेले दोन लॅपटॉप यामुळे अगदी वेगळे वागतात. लेटन्सीमॉन नावाचा एक छोटा प्रोग्रॅम आहे, तो नेमका अडवणारा कोण ते दाखवतो. म्हापशाच्या एका दुकानात मालकाने मला शोमधल्या यंत्रावर तो चालवू दिला. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवरूनही चालतं, त्यामुळे माझ्या एका नाटकाच्या पार्श्वसंगीताचा अख्खा प्रोजेक्ट मी खिशात घेऊन फिरत होतो. तो उघडायचा, चालू करायचा आणि दुकानातल्या एसीच्या घरघरीत कान लॅपटॉपच्या पोटाशी न्यायचा. फॅन केव्हा सुरू होतो, किती वाढतो, वाढला की खाली येतो का. मालक शांतपणे बघत होते. मग स्वतःहून म्हणाले, "थांबा, एसी बंद करतो." त्या माणसाकडून काही विकत घेता आलं नाही याची मला रुखरुख आहे.

फॅनचं एवढं काय, असं वाटेल. आमच्याकडे वेगळी काचबंद स्टुडिओ खोली नाही. सोपा, त्याला लागून माझी खोली, चिऱ्यांच्या भिंती, वर मंगळुरी कौलं. भिंतीशी गोधड्या टांगलेल्या, खिडकीत उभी केलेली गादी. गाणारा, वाजवणारा आणि लॅपटॉप एकाच खोलीत. रेकॉर्डिंगच्या वेळी छताचा पंखा बंद करावा लागतो. सप्टेंबरातली दमट हवा, पंखा बंद, पाच-सहा माणसं. दहा मिनिटांत सगळे निथळायला लागतात आणि नेमका तेव्हाच लॅपटॉप गरम होऊन त्याचा फॅन सूं करून उठतो. माइक आपांच्या गळ्याइतकाच तो फॅनही ऐकतो. नंतर सॉफ्टवेअरने काढता येतो, पण काढताना आवाजाची कडाही थोडी खरवडली जाते. घुमटाच्या नादाला जो शेवटचा हुंकार असतो, हवेत विरत जाणारा, तो आधी जातो.

त्या हुंकारासाठीच तर हा सगळा खटाटोप. घुमट म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडं मातीचं भांडं, मोठ्या तोंडावर चामडं ताणलेलं, लहान तोंड मोकळं. उजव्या हाताची बोटं चामड्यावर, डावा तळवा त्या मोकळ्या तोंडावर झाकत-उघडत राहतो आणि आतला नाद वर-खाली होतो. पूर्वी चामडं घोरपडीचं असायचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपड मारायला बंदी आहे आणि आता बकऱ्याचं चामडं लावतात. जुने वाजवणारे नादातला फरक सांगतात. मला मात्र हा नवा नादही आवडतो आणि तो घोरपडीच्या जिवाची किंमत न मोजता मिळतो, म्हणून जास्तच. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, पण ते वाजतं ते घराघरांत, चवथीच्या रात्री, नेवऱ्या तळणाऱ्या बायकांच्या कानांवर पडत. त्याला मी दोन माइक लावतो. एक चामड्यापासून वीतभर, दुसरा लहान तोंडाच्या थोडा बाजूला, कारण अगदी समोर धरला तर आतून फेकली जाणारी हवा त्यावर धप्पकन आदळते. बोट पडलं की चामडं आत दबतं आणि तीच हवा दुसऱ्या तोंडातून बाहेर येते. म्हणजे एक माइक ओढला जात असताना दुसरा ढकलला जातो. दोन्ही ट्रॅक तसेच मिसळले की घुमट हडकुळं होतं, पोट गेल्यासारखं. एका ट्रॅकच्या लहरीची वर-खाली दिशा उलटी केली की भांडं पुन्हा भरतं. हे पहिल्यांदा कानांवर आलं तेव्हा मी ते उलटसुलट करत कितीतरी वेळ नुसता ऐकत बसलो होतो.

बाबा हेच काम टू-इन-वनवर करायचे. बोटीवर असलेल्या मामाने आणलेला, दोन कप्प्यांचा, चंदेरी. मखरासमोरच्या खिडकीत तो ठेवायचा, लाल आणि काळं अशी दोन बटणं एकत्र दाबायची आणि मग घरात सगळ्यांना कुजबुजत बोलायला लागायचं. त्या कॅसेटींवर आरत्या आहेत, मधे आजीचं खोकणं आहे, फटाक्यांची माळ आहे आणि एका ठिकाणी बाबा हळूच म्हणतात, "फीत संपत आली." पुढे कितीतरी पावसाळे त्या कपाटात राहिल्या. एका मे महिन्यात मी डबा उघडला तेव्हा कॅसेटच्या छोट्या खिडकीतून फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसली, पिठासारखी. काही वाचल्या, काही वाजवताना किंचाळल्या आणि तुटल्या. त्यामुळे आता रेकॉर्डिंग संपलं की त्याच रात्री दोन वेगळ्या एसएसडींवर प्रती जातात, एक घरात आणि एक फोंड्याला बहिणीकडे, सिलिका जेलच्या पुड्यांसकट स्टीलच्या डब्यात. माइकही तशाच डब्यात, कारण कंडेन्सर माइकला ओल लागली की तोही तडतडतो आणि दोष लॅपटॉपचा वाटत राहतो. जागा म्हणाल तर फार लागत नाही. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला एका ट्रॅकचं मिनिट साडेआठ एमबीच्या थोडं वर. वास्कोच्या दामोदर सप्ताहासारखं अखंड चोवीस तासांचं भजन दोन ट्रॅकवर घेतलं तरी पंचवीस जीबीत बसतं.

आणि त्याही आधीच्या माणसांचं मला राहून राहून नवल वाटतं. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मिळायची. जो राग मैफलीत तासभर फुलायचा तो तेवढ्यात उभा करायचा, समही त्यातच, शेवटही त्यातच. केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी नासाच्या व्हॉयेजर अवकाशयानांवरच्या सोनेरी तबकडीत आहे, तीही साडेतीन मिनिटांचीच. १९७७ च्या सप्टेंबरात ५ तारखेला व्हॉयेजर-१ ने पृथ्वी सोडली आणि १६ तारखेला केसरबाई गेल्या. त्या काळी यंत्र एकच होतं आणि गायकाने त्याच्या मापात स्वतःला बसवायचं होतं. केसरबाईंसारख्यांनी ते असं बसवलं की ऐकताना माप जाणवतच नाही. पण प्रत्येक गळा केसरबाईंचा नसतो. किती साधे, घरगुती, देवळातले गळे त्या मापात मावले नसतील, यंत्रासमोर आखडले असतील, आणि परत कोणी त्यांना बोलावलं नसेल. आज यंत्र निवडणं आपल्या हातात आहे. गाणाऱ्याने वाकायचं की यंत्राने, हे ठरवता येतं, आणि ते ठरवायची पाळी माझ्यावर आलेली असताना मी डब्यावरचे आकडे बघून निवड करणार नव्हतो.

तरीही निवड सोपी गेली नाही.

सगळ्या अटी एकत्र मांडल्या तर बोट एकाच बाजूला जात होतं. २०२० मध्ये ॲपलने स्वतःच्या चिपचे मॅक आणले तेव्हापासून त्यांच्या मॅकबुक एअरमध्ये फॅनच नाही. आवाजासाठी वेगळा ड्रायव्हर शोधत बसावं लागत नाही, बफर लहान ठेवला तरी ते निभावतं. बॅटरी भरपूर. आमच्याकडे बॅटरी म्हणजे चैन नव्हे. मृगाचा पहिला वारा सुटला की लाईट जाते, आणि जाते तेव्हा गाणाऱ्याचा गळा नुकता तापलेला असतो. दोन ट्रॅकचा इंटरफेस लॅपटॉपच्याच विजेवर चालतो, त्यामुळे अंधारात मेणबत्ती लावून रेकॉर्डिंग पुढे नेता येतं. आठ ट्रॅकच्या मोठ्या इंटरफेसला भिंतीतलीच वीज लागते, तो मात्र पडतो. शिवाय जुन्या घरांतलं अर्थिंग. चार्जर लावला की रेकॉर्डिंगमध्ये ५० हर्ट्झचा तो बारीक गुंजारव शिरतो, लॅपटॉपच्या धातूच्या अंगावरून बोट फिरवलं तर मुंग्या येतात. चार्जर काढला की दोन्ही जातात. अर्थिंग करून घ्यायलाच हवं आणि मी ते करून घेतलं, पण लोकांच्या घरी, देवळांच्या ओवऱ्यांत जाऊन रेकॉर्ड करायचं असेल तर बॅटरीवरच भिस्त.

मन अडत होतं ते दुसऱ्याच कारणाने. त्याची रॅम चिपबरोबरच बसवलेली, एसएसडीही आतच. घेताना जे घेतलं ते शेवटपर्यंत. बाबा टू-इन-वन दर मे महिन्यात उघडायचे. वर्तमानपत्रावर स्क्रू ओळीने मांडून ठेवायचे, स्पिरिटच्या बोळ्याने हेड पुसायचे, पट्टा सैल झाला असेल तर बदलायचे. वस्तू आपली आहे म्हणजे ती उघडता येते, अशा घरात मी वाढलो. लाखाच्या घरातली वस्तू घ्यायची आणि तिचा एक भाग बिघडला तर अख्खा बोर्ड बदलायचा, तेही या खाऱ्या हवेत, जिथे गेटच्या कड्या दोन वर्षांत खातात! याउलट फॅन असलेल्या विंडोज लॅपटॉपांत असे काही होते ज्यांच्या पोटात रॅमची एक जागा रिकामी होती. आज सोळा घ्या, पुढे बत्तीस करा. तो पर्याय मला माणूस म्हणून जास्त पटत होता. फक्त मला हव्या असलेल्या खोलीत तो आवाज करत होता. ही दोन मनं अजूनही पूर्ण एक झालेली नाहीत.

शेवटी फॅन नसलेला घेतला. सोळा जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, सॅम्पलसाठी बाहेरून जोडायची वेगळी एसएसडी. पेटी, तबला, तानपुरा, थोडे तंतुवाद्यांचे सूर एवढ्याच सॅम्पलांवर माझं काम चालतं, त्याला सोळा पुरतात. ज्याला शंभर वाद्यांचा वाद्यवृंद उभा करायचा आहे त्याने बत्तीसखाली जाऊ नये, आणि असा माणूस फॅन नसलेलं यंत्र घेणारही नाही, कारण तासन् तास भार पडला की ते स्वतःला थंड ठेवायला गती कमी करतं. कंपनी ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा म्हणते. मे महिन्यात कौलांखाली दुपारी आम्ही त्याच्या जवळपासच असतो, म्हणून लांबलचक प्रोजेक्ट मी रात्री निर्यात करतो. दोनच पोर्ट आहेत, हब घ्यावा लागला. तेवढं सोसतं.

चवथीच्या आदल्या आठवड्यात आपांना पुन्हा बोलावलं. आवाज डायरेक्ट, रिव्हर्ब लॅपटॉपमधून, पुतणी मिडी कीबोर्डवर, बफर १२८. आपांनी सूर लावला आणि पुतणीची बोटं सवयीने आधी पडली. पहिली दोन आवर्तनं ती पेटी घेऊन पुढे पळत राहिली. मग तिच्या लक्षात आलं की सूर आता बोटाखालीच आहे. तिने हात उचलले, एक आवर्तन सोडलं आणि आपांच्या ओठांकडे बघून पुन्हा शिरली. आपांना यातलं काही माहीत नव्हतं, त्यांना सांगायची गरजही पडली नाही. आरती संपल्यावर त्यांनी फक्त विचारलं की दुसऱ्या घुमटवाल्याला थोडं मागे सरकायला सांगता येईल का, तो फार अंगावर येतोय. माझ्या कानांना हे सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र वाटलं. ते यंत्राबद्दल बोलत नव्हते, रिंगणाबद्दल बोलत होते.

जुना लॅपटॉप फेकलेला नाही. जत्रेच्या नाटकांत पार्श्वसंगीत सोडायला तो अजून उत्तम चालतो. तिथे तयार आवाज फक्त वेळेवर वाजवायचा असतो, बफर १०२४ असला काय आणि ५१२ असला काय, विंगेत बसलेल्या माणसाचं बोट सूत्रधाराच्या पावलाकडे बघून पडतं. मंडपातल्या धुळीत, जनरेटरच्या विजेवर नवं यंत्र न्यायचा मला धीरही नाही.

पुतणीला आता स्वतःचा लॅपटॉप हवा आहे. कॉलेज पणजीला, राहणं वसतिगृहात, आणि तिचं संगीत वेगळ्याच दिशेने चाललंय: ड्रमचे तुकडे कापून जोडणं, सिंथेसायझर, मधूनच आजीच्या फुगडीची एखादी ओळ. माइक ती क्वचितच लावते, म्हणजे फॅनचा आवाज तिच्या वाटेत येत नाही. ती एफएल स्टुडिओ या संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरवर शिकलीय, ते विंडोजवर उत्तम चालतं. बजेट माझ्या निम्मं. तिला मी माझ्यासारखा घेऊ नकोस असं सांगितलं तेव्हा तिला आधी वाईट वाटलं, पैशांमुळे म्हणतोय असं तिला वाटलं असावं. मग आम्ही दोघांनी बसून यादी केली. वेगवान कोअर, सोळा जीबी आणि रॅमची एक जागा रिकामी, एसएसडीची दुसरी जागा असेल तर बरं, ग्राफिक्स कार्डावर खर्च नको, लेटन्सीमॉन चालवून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. शनिवारी तिला घेऊन म्हापशाच्या त्याच दुकानात जायचं आहे, एसी बंद करणाऱ्या मालकांकडे. ती स्वतःचा मिडी कीबोर्ड सोबत नेणार आहे. विंडोजवर इंटरफेसचा ड्रायव्हर टाकावा लागेल, म्हणून मालकांना कालच फोन करून विचारलं. ते म्हणाले, सकाळी दहाच्या आत या, गर्दी नसते.